मागच्या खोलीचं माप

३ नोव्हेंबर, सोमवार
पोचलो एकदाचे! दुरुस्तीआधी या घराचे नकाशे काढायचं काम मला मिळालं आणि काम संपेपर्यंत राहायला घरही मिळालं. दोन बाजूंच्या इमारतींनी चेपलेलं, अंगानं अरुंद, तीन मजली विटांचं घर. तळमजल्यावरची मागची खोली दादाला दिली. पायरी नाही, उंबरा नाही, व्हीलचेअर सरळ आत. त्याचे पाय गेल्यापासून दोन वर्षं मी त्याला जिन्यांवरून उचलते आहे. दादा म्हणाला, चला, तुझी कंबर सुटली. खूप दिवसांनी दोघंही हसलो.

५ नोव्हेंबर, बुधवार
घर एका हाताचं नाही. तळमजल्याच्या विटा पातळ, जेमतेम दोन बोटं जाडीच्या, चुन्यात बसवलेल्या. वरचे दोन मजले जाड विटांचे, पन्नासेक वर्षांनी चढवलेले. दारावरच्या कमानीत एक वीट तिरकी बसली आहे. गवंड्याला जेवायची घाई झाली असणार. घराचे व्यवस्थापक सांगत होते की मूळ मालक वीटभट्टीवाला. मागची खोली त्याने अंथरुणाला खिळलेल्या बायकोसाठी बांधली. तिचं पुढे काय झालं ते कागदपत्रांत नाही. नंतरच्या तीन कुटुंबांनीही आपलं आजारी माणूस तिथेच ठेवलं, त्यांचंही काही नाही. त्यांना सांभाळणाऱ्यांची पत्रं मात्र आहेत. सगळ्यांत एकच रडगाणं, की आता होत नाही. वाचताना मला फार आपलेपणा वाटला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
खोल्यांची मापं आणि बाहेरचं माप जुळेनात. आत सहा इंच कमी. दादाला दाखवायला हवं होतं, हे काम मला त्यानेच शिकवलं. पण आज त्याची चादर तीनदा बदलली, मग औषधं, मग भरवणं. जीव मेटाकुटीला आला. मग आमच्या धंद्यातला दमलेला माणूस जे करतो तेच केलं. फरक सगळ्या खोल्यांत थोडा थोडा वाटून टाकला. कागदावर घर जुळलं आणि मी झोपले.

१० नोव्हेंबर, सोमवार
आज फरक दीड फुटाचा. मोजायची फीत जुनी झाली असेल. पुन्हा वाटून टाकला. दादा विचारत होता, खाट भिंतीला कशी टेकली, तू सरकवलीस का. मी नाही सरकवली. मग मीच सुटलो असेन, म्हणाला. मला त्याचा विनोद ऐकवेना. खरं लिहायचं तर त्याचा आवाजच ऐकवेना. लाज वाटते, पण असं आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार
दादाने हट्टाने फीत धरायला लावली. सगळा फरक एकट्या त्याच्या खोलीतला! बारा फुटांची खोली आठ फूट. इतके दिवस मी तो इतर खोल्यांत वाटून लपवत होते. दुरुस्तीसाठी ठरलेल्या गवंड्याला बोलावलं. खाटेजवळच्या भिंतीवर त्याने बोट फिरवलं. बोटाला ओला चुना. म्हणाला, हा थर आजचा आहे. कोणी चढवला म्हणून विचारलं, तर हत्यारं दाराबाहेरच टाकून निघाला. जाता जाता एवढंच बोलला, की आजारी माणसाला आत्ताच्या आत्ता हलवा.

भिंतीने दार अर्धं झाकलं आहे. व्हीलचेअर निघत नाही. व्यवस्थापक उद्या सकाळी दोन माणसं पाठवतो म्हणाले. दादा म्हणत होता, आजच ने, ओढत ने, फरफटत ने. मी म्हटलं, उद्या. हात उचलवतच नव्हते.

१३ नोव्हेंबर, सकाळ
माणसं आली नाहीत. खोली खाटेएवढी राहिली. दाराच्या फटीतून दादाचा हात धरून ओढते आहे — खांदा अडतो — पुन्हा —

तो विनोद करत नाही.

तीच सकाळ, जरा वेळाने
दादा म्हणाला, दमलीस, बस जरा. बसले. पाचच मिनिटं. हात सोडला नव्हता — नाही, सोडला.

आता फट नाही. दार नाही. सलग विटा. आतून हाक येते — बारीक — माझंच नाव — गवंड्याचा घण इथेच पडलाय, माझ्या पायाशी. उठायला हवं. उठतेच आहे. आधी एवढं लिहून —

हाक आणखी बारीक. दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणाला काही द्यायचं नाहीये, पुसायचं नाहीये — देवा, दादा, मला क्षणभर बरं वा—