पाय वहिनीकडे, पोट माझ्याकडे

प्रिय आक्का,

आज कुरुंदवाडच्या मावशीनं, तुझ्या धाकट्या बहिणीनं, चार घास मऊ भात खाल्ला आणि 'मीठ कमी हाय गं' म्हणून मलाच झापलं. आठ दिवसांपूर्वी तिच्या पोटाचं ऑपरेशन झालंय. हे सगळ्यांत आधी तुला सांगायचं होतं, म्हणून दवाखान्याच्या बाकड्यावर बसून लिहितेय.

तू गेल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण एकच म्हणाला, 'वय झालंतं की. सुटल्या बिचाऱ्या.' सुटलीस? मला हे आजही ऐकवत नाही. तू वयानं गेली नाहीस, आक्का. तुझं आतडं अडकलं होतं!

आठवतो तो श्रावणी सोमवार? उजव्या मांडीतून गुडघ्याकडं कळ जायची, म्हणून वहिनी तेल चोळत होती. पोट फुगलं होतं, ते मी बघत होते. पाय वहिनीकडे, पोट माझ्याकडे, अशी आपल्या घरातली वाटणी. त्यात तुझा उपवास, म्हणून तू काही खाल्लं नाहीस याचं कुणाला काही वाटलं नाही. आणि तू? 'वात हाय नुसता, गप बसा की!' हिरवं ओकलीस, तेही न्हाणीत पाणी ओतून धुऊन टाकलंस. का गं? पोटच्या लेकीला हाक मारली असतीस तर मी काय तुला खाल्लं असतं?

मी काय केलं तेही लिहिते. एरंडेल पाजलं. वाट बंद झालेल्या आतड्याला वरून जोर लावला मी. हे मी कुणापासून लपवत नाही.

तिसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी पोट उघडलं, तेव्हा आतडं काळं पडलं होतं. ओटीपोटाच्या हाडात एक भोक असतं म्हणे. अंगावरची चरबी झडली की एखाद्या बारीक म्हातारीचं आतडं त्यात शिरतं आणि तिथली नस दाबतं, म्हणून कळ गुडघ्यापर्यंत. क्वचितच होतं म्हणाले. तू तर घरातली काडीपैलवान! पाय आणि पोट, एकच दुखणं होतं ते.

गेल्या आठवड्यात मावशीकडे गेले, तर ती उजवा गुडघा पोटाशी घेऊन पडलेली. तिचा मुलगा महादेव तेलाची बाटली घेऊन उभा.

"गॅस झालाय आईला. मांडीबी दुखतिया."

मी बाटली हिसकावली.

"ह्या वयात कशाला दवाखाना, ताई?"

"वयाचं नाव काढलंस तर याद राख!"

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनीही गॅसच लिहिला. मी म्हटलं, "मांडीची कळ आणि ओकारी एकाच कागदावर लिहा. आणि पोटाचा स्कॅन करा. तोवर मी इथनं हलणार न्हाय." ते चिडले, पण स्कॅन केला. तेच भोक, तीच बाजू. आतडं मात्र अजून जिवंत होतं!

आक्का, शब्द देते. आपल्या गल्लीतल्या कुठल्याही म्हातारीच्या दुखण्याला 'वय झालं' हे नाव मी लावू देणार नाही. पाय विचारीन, पोट विचारीन, लाजली तर पुन्हा विचारीन. तू मला भांडकुदळ म्हणायचीस ना? आयुष्यभर सगळ्यांशी भांडले, फक्त त्या सोमवारी तुझ्याशी भांडायची राहिले.

तुझी भांडकुदळ,
शोभी