भाग्याला हूल कोणी शिकवली?

मंगळ, ३ डिसें.
खो-खोच्या सरावात भाग्या आज खांबाजवळ थबकली, पाठलाग करणाऱ्या मुलीला हूल दिली. ती फसून खांबापुढे गेली, भाग्या मागच्या मागे सुटली. सुरेख. पण हे मी शिकवलेलं नाही. तीन वर्षं मी तिला साखळीतच पळवलं, बसलेल्या मुलींमधून आत-बाहेर.
"कुठून आणलंस हे?"
मान खाली. "चुकलं सर."
चुकलं नव्हतं. तेच खटकलं.

गुरु, ५
पलीकडच्या क्लबच्या कोचचाच उद्योग. मागच्या वर्षी आमची एक मुलगी गोड बोलून नेली. भाग्या वळसंगहून एसटीने येते, स्टँडवर गाठत असेल. पुढच्या रविवारी जिल्ह्याची निवड चाचणी. ही गेली तर संघात राहिलं काय! आणि माझं तरी काय राहिलं.
आज तिच्यावर जास्तच ओरडलो. आत! बाहेर! साखळी सोडू नको! सोडली नाही बिचारीने. लगेच बाद.

शुक्र, ६
तिच्या वडिलांना फोन केला. शेतात होते.
"तुमच्याकडंच येती की सर. दुसरीकडं कुटं जाती?"
आवाज सरळ होता. जरा जास्तच सरळ.
सौ. म्हणते, "तिलाच विचारा की. हेरगिरी कसली लावलीय?"

सोम, ९
विचारलं. आधी डोळ्यांत पाणी. मग,
"कुणीच न्हाय शिकवलं सर. तुमी चहाला जाता की, तवा करून बघते. लई बाद होते. पण कोण वरडत न्हाय, मग परत करते."
पटलं नाही. चहाला जातो म्हणून निघालो आणि टपरीच्या आडून पाहिलं. हूल, बाद. हूल, बाद. हसणं, भांडण, पुन्हा हूल. मुलीच एकमेकींना सांगत होत्या, लवकर थांबलीस, उशिरा थांबलीस. मी असतो तर पहिल्याच चुकीला शिट्टी मारली असती.
फार लागलं मनाला. घसा मी फोडायचा आणि शिकायचं मी नसताना.
क्लबवाल्याचा संशय अजून पुरता गेलेला नाही.

शनि, १४
आठवडाभर तोंड बंद ठेवायचा प्रयत्न. धड जमत नाही. मी गप्प, तर भाग्या सारखी माझ्याकडे बघते, सर चिडलेत असं वाटत असणार. आज तिची हूल जमली. शेवटी एवढंच विचारलं, "तुला काय दिसलं तेव्हा?"
"वळायच्या आधी मागच्या पोरीची पावलं बारीक होत्यात सर."
खरं आहे. हा प्रश्न तीन वर्षांत एकदाही विचारला नव्हता.
निघताना बॅग खांद्यावर घेऊन थांबली.
"सर, उद्या चाचणीला तुमी लायनीवरच उभं ऱ्हाणार का?"
"राहणार की. का गं?"
"काय न्हाय, असंच."
गेली. मी हवा म्हणून विचारलं, की नको म्हणून?