मुसळाची सावली

जळगाव, २१ जून १९८८

गेल्या वर्षी चुकलो ते नकळत. आज मात्र सगळं दिसत असून.

आई तिच्या पिंपळनेरच्या माहेरची रीत पाळते. वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी अंगणात मुसळ उभं करायचं, त्याच्या सावलीला कुंकू वाहायचं आणि सूर्याला म्हणायचं, फार लांब गेलास, आता माघारी फिर. ती कुंकू दक्षिणेला वाहायची. गेल्या वर्षी मी, भूगोलाचा मास्तर, शेजाऱ्यांसमोर हसलो. "आई, आपल्याकडे दुपारची सावली उत्तरेलाच पडते!" खाली वाकून बघितलंसुद्धा नाही.

आज मुसळ मीच धरलं होतं. तीन बोटं सावली, आणि ती दक्षिणेला. कर्कवृत्त आपल्या उत्तरेला आहे आणि या दिवशी सूर्य त्याच्यावर असतो, हे मी दर वर्षी पोरांकडून घोकून घेतो की!

मोतीबिंदूमुळे आईला आता धड दिसत नाही. उत्तरेची फरशी चाचपत तिनं विचारलं, "तू सांगेल तठेच शे ना रे सावली?"

शेजारी उभेच होते. मी "हो" म्हणालो. काय गेलं असतं खरं सांगितलं असतं तर? मास्तरकी?

तिनं तापलेल्या रिकाम्या फरशीवर कुंकू वाहिलं, डोकं टेकलं. तीन बोटं सावली माझ्या पायाशी तशीच राहिली.

संध्याकाळी चहा पिताना आई म्हणाली, "बरं व्हयनं, तू शिकेल शे. मी सारा जनम चुकनू."