पक्का कागद

नागपूर,
दि. ४ फेब्रुवारी २०२४

चि. भैयाजीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पाकीट मिळाले. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडले की या इमारतीच्या चारही मजल्यांना आपली शेती कळते. तेव्हा तू पुन्हा पत्र लिहायला लागलास हे बरेच झाले. तुझे अक्षर पाहून मुर्रीची ओसरी आठवली. मी कामठीच्या कॉन्व्हेंटमधून उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले होते, अकरा वर्षांची. तू सहा वर्षांचा. माझी निळ्या शाईची बाटली तू सांडलीस, अर्धी माझ्या पिवळ्या फ्रॉकवर. आईने ताक लावले, लिंबू घासले. डाग गेला नाही, फ्रॉक मात्र विरला. तू धानाच्या ढोलीमागे संध्याकाळपर्यंत लपून होतास. ती बाटली ओसरीत कशाला आली होती ते आठवत नाही. मी तर तिला कोणाला हात लावू देत नसे.

आता कामाचे. बाबूजींना जाऊन बारा वर्षे झाली, वारस नोंद व्हायलाच हवी होती. त्या अर्जावर सही करून पाठवते. पण सोबत विक्रीच्या संमतीचा कागद आहे आणि त्यात रस्त्याकडची धानाची बांधी लिहिली आहे. ती तर जमुनाकाकीची ना? छोटेलालकाका होते तेव्हापासून तेच तिथे धान लावतात. आपली बांधी बोडीकडची, तळ्याच्या पाण्यावरची. हे काय आहे ते नीट लिही.

तुझ्या गुड्डूला आणि हर्षा सूनबाईला आशीर्वाद. माझे गुडघे सोडून बाकी ठीक.

तुझी,
दीदी


मुर्री,
दि. १२ फेब्रुवारी २०२४

ती. दीदीस,
भैयाजीचा शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही सारे बरे आहो. तू विचारलं काऊन, तर सांगतो. गुड्डूने मोबाइलवर सातबारा काढला. रस्त्याकडच्या बांधीवर बाबूजींचं नाव निघालं अन् बोडीकडच्या बांधीवर छोटेलालकाकांचं. गुड्डू म्हणे कॉम्प्युटरची चूक आहे. मी तहसीलच्या रेकॉर्डरूममधून जुनी नक्कल काढली, त्यातही तसंच. तलाठी म्हणाले, कागद बरोबर आहे, तुम्हीच एकमेकांची जमीन वाहून राहिले. म्हणजे बाबूजी अन् काकांनी तोंडी अदलाबदल केली, अन् फेरफार करायला कोणी गेलंच नाही. आता दोघंही नाहीत, विचारावं कोणाला?

पुढे ऐक. रस्ता रुंद झाल्यापासून तिकडे घरांच्या प्लॉटचे ले-आउट पडून राहिले. गोंदियाचा एक माणूस ती बांधी मागून राहिला. गुड्डूला दुकान टाकायचं आहे. तो म्हणते, कागद आमचा तर जमीन आमची, काकीला बोडीकडची देऊन टाकू, ती तर तिच्याच घरच्या नावावर आहे, मग अन्याय कुठे झाला? पण काकीचं घर त्या बांधीला लागून, तिच्या मुलाचा, योगराजचा पाय लहानपणापासून अधू. बोडीपर्यंत चिखलातून तो जाईल कसा, हेही मनात येते.

तूही वारस आहे. तुझ्या सहीशिवाय काही हलत नाही. पाहून घे. लाखोळीची डाळ हर्षाने बांधून ठेवली आहे, येणाऱ्याजवळ पाठवतो.

तुझा,
भैयाजी


नागपूर,
दि. २० फेब्रुवारी २०२४

चि. भैयाजीस,
अनेक आशीर्वाद.

वारस नोंदीचा अर्ज सोबत आहे. विक्रीच्या कागदावर सही केलेली नाही, आणि तो फाडलेलाही नाही. तीस वर्षे विमा कचेरीत दुसऱ्यांच्या वारसांचे कागद तपासले, आणि स्वतःच्या घरचा सातबारा एकदा उघडून पाहिला नाही, याची मला लाज वाटते. तुझ्यावर रागावण्याचा हक्क त्यामुळे निम्माच उरला.

पण एक विचारते. तलाठ्यांना विचारलेस, रेकॉर्डरूमला विचारलेस, गोंदियाच्या माणसाशीही बोलणे झाले. जमुनाकाकीला कोणी विचारले का? अदलाबदल झाली तेव्हा ती तिथे होती. आधी तिच्याकडे जा. गुड्डूला पाठवू नकोस, तू जा.

तुझी,
दीदी


मुर्री,
दि. २ मार्च २०२४

प्रेमिला बेटी,
तुले जमुनाबाईचा रामराम.

हे खुशी लिहून राहिली, मी बोलून राहिली. ते नववीत आहे, माया नातीचं अक्षर चांगलं आहे.

तुया भाऊ यायच्या आधीच गुड्डू आला होता. म्हने, आजी, हे वावर कागदावर आमचं आहे. मी म्हटलं, कोन्या कागदावर? मायाजवळ त पक्का कागद आहे, विंग्रजी. तुया बापानं अन् खुशीच्या आजोबानं दोघाईनं अंगठे देल्ले. पन्नास वर्सं झाले, देवाच्या फोटोमागं ठेवला आहे. गुड्डू हसला. त्याचं हसनं मले समजलं नाई.

तवा लोक आमाले येडे म्हनत. पान्याची बांधी देऊन मुरमाची घेतली म्हनत. पन योगराज चालत नवता. त्याले घराजवळ ठेवून वावर कराचं, भाजी लावाची, रस्त्यावर बसून विकाची, म्हनून हेच बरी होती. तुया बाप म्हने, बोडीचं एक पानी दरसाल तुमाले देईन. भैयाजी देते, पन मागाव लागते.

कागद झेराक्स करून पाठवतो. असल देत नाई, रागावू नको. इथं कोनाले तेवढं विंग्रजी येत नाई अन् गुड्डूवर माया भरोसा नाई. तू वाचून त्याले सांग काय लिवलं आहे ते. एवढंच काम आहे.

पाय दुखत असन त तेल लावत जा. मायेची नजर असू दे.

जमुनाबाई


नागपूर,
दि. ९ मार्च २०२४

चि. भैयाजीस,
अनेक आशीर्वाद.

काकीचे पत्र आणि झेरॉक्स आली. हे पत्र गुड्डूला मोठ्याने वाचून दाखव.

कागदाच्या उजव्या कोपऱ्यात मोठा डाग आहे. झेरॉक्समध्ये काळा दिसतो, मूळ कागदावर निळा असणार. आता मला सगळे आठवले. बाबूजींनी ओसरीतून हाक मारली होती. म्हणाले, पोरगी इंग्रजी शाळेत जाते, इंग्रजीत लिहिलेला कागद कोर्टातही कोणी मोडत नाही. मला इंग्रजीत एकच कागद लिहिता येत होता, शाळेतल्या रजेचा अर्ज. मी तोच लिहिला. वर "आदरणीय सिस्टर", म्हणजे आमच्या कॉन्व्हेंटच्या मुख्याध्यापिका. मग, नम्र विनंती की माझे वडील रस्त्याजवळचे शेत छोटेलालकाकांना देत आहेत आणि बोडीजवळचे घेत आहेत, तरी हे कायमचे मंजूर करावे. शेवटी "आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी" आणि माझी पूर्ण सही. अंगठ्यांना शाई हवी म्हणून बाटली मधे ठेवली, आणि ती तू सांडलीस.

मी आधी खूप हसले. मग काकीचे पत्र पुन्हा वाचले आणि हसू राहिले नाही. ती पन्नास वर्षे तहसीलची पायरी चढली नाही, कारण तिच्याजवळ माझा रजेचा अर्ज होता.

गुड्डू, तू विचारतोस अन्याय कुठे झाला. बदल झाला तेव्हा चांगली बांधी आपण घेतली. कोरड्या वर्षांत त्यांचे धान वाळले, आपले बोडीवर तगले. त्याच धानातून माझी वसतिगृहाची फी गेली. तेव्हा आपल्या घरातून कोणी, जमीन कागदाप्रमाणे परत करू या, असे म्हटले नाही. रस्ता रुंद झाल्यावर मात्र आपल्याला कागद आठवला. आणि तुम्ही माझी सही मागता. ती मी एकदा केली आहे. याच दोन शेतांसाठी दुसरी, उलटी सही मला करता येणार नाही.

भैयाजी, तलाठ्यांना "सलोखा" योजनेचे विचार. दोन शेतकरी बारा वर्षांहून जास्त काळ एकमेकांची शेतजमीन वाहत असतील, तर अदलाबदलीचा दस्त नाममात्र शुल्कात नोंदवता येतो. आधी दोन्ही घरांची वारस नोंद, मग पंचनामा आणि शेजाऱ्यांच्या साक्षी. दस्ताचा दिवस ठरला की कळव. मी येते.

तुझ्यावर राग नाही. फ्रॉकचा थोडा आहे.

तुझी,
दीदी


मुर्री,
दि. २१ मे २०२४

ती. दीदीस,
सा. न. वि. वि.

दोन्हीकडच्या वारस नोंदी झाल्या. तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा गुड्डू तीन दिवस माझ्यासोबत जेवायला बसला नाही. म्हणे, आत्या नागपुरात बसून दानधर्म करते. हर्षाने त्याला विचारलं, दान स्वतःचं असते का दुसऱ्याचं?

परवा पंचनामा झाला. तलाठ्यांनी काकीला विचारलं, ही बांधी कधीपासून वाहता? काकीने पदराखालून कागद काढला. त्यांनी वाचला, पुन्हा वाचला, अन् हिंदीत विचारलं, ये सिस्टर कौन है? काकी म्हणाली, मोठी अधिकारी असन. पहिला हसला तो गुड्डूच. मग योगराज हसला, मग काकीही, कायले ते न समजता. तलाठ्यांनी झेरॉक्स पंचनाम्याला जोडून घेतली. म्हणाले, दस्त म्हणून याचा उपयोग नाही, पण वहिवाट जुनी आहे हे यावरून दिसते.

गोंदियाच्या माणसाला गुड्डूने फोन करून नाही म्हटलं. मनातून नाराज आहे. पण दस्ताच्या दिवशी काकीला मोटारसायकलवर मीच नेतो म्हणते. दहा जूनची तारीख आहे. तू आदल्या दिवशी ये.

तुझा,
भैयाजी


नागपूर,
दि. २६ ऑगस्ट २०२४

चि. भैयाजीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फेरफार मंजूर झाला हे वाचून बरे वाटले. नव्या सातबाऱ्याच्या नकला तुझ्या हातात आल्या की अशा वाट.

रस्त्याकडच्या बांधीची पहिली प्रत जमुनाकाकीच्या हातात दे, योगराजच्या नको. तिच्या नावावर तिचे बोट ठेवून वाचून दाखव. दुसरी प्रत योगराजला. बोडीकडच्या बांधीची एक तुझ्याकडे, एक गुड्डूला. माझ्या हिश्शाचे धानही दरवर्षी गुड्डूलाच दे. दुकानाला ते पुरणार नाही, हे मला कळते.

दस्ताची प्रत हर्षाकडे ठेव, त्या घरात कागद तिच्याकडेच सापडतात. बोडीचे एक पाणी त्यात लिहिले आहे. आता काकीने मागायच्या आधी द्यायचे.

सोबत माझा हिरवा पेन आहे, तो खुशीला. तिला म्हणावे, रजेचा अर्ज सोडून बाकीही लिहायला शिक.

राहिला माझा जुना कागद. दस्त झाल्यावर काकी तो मला देत होती. म्हणाली, आता नवा आला, हा घेऊन जा. मी घेतला नाही. तो देवाच्या फोटोमागेच राहू दे. तिच्यानंतर तो तुझा, असे तिनेच ठरवले आहे, कारण डाग तुझा आहे.

माया आहे तशी ठेव, आणि कानाचे यंत्र लावत जा. काकीला माझा नमस्कार सांग. आणि सांग, सिस्टरने अर्ज मंजूर केला.

तुझी,
दीदी