पान सत्तावीसची दुरुस्ती

ता. १४ सप्टेंबर, रविवार सकाळ

प्रिय दादा,

नमस्कार. पत्र लिहिण्यास कारण आहेच, पण आधी खुशाली. ह्यांचा गुडघा आता जिना चढू देतो, कुरकुर तेवढी थांबलेली नाही. वहिनींना सांग, त्यांनी विणलेली टोपी माझ्या थेट नाकापर्यंत उतरते. माझं डोकं लहान आहे, हे इतक्या वर्षांत त्यांच्या लक्षात यायला हरकत नव्हती.

तुझ्या पुस्तकाची कच्ची पानं मिळाली. आपल्या कृषी विद्यार्थी मंडळाची पन्नास वर्षं! तू लिहिलंस, "शुद्धलेखन डोळ्यांखालून घाल, तुझ्याइतकं काटेकोर दुसरं कोण आहे?" घातलं. एकशे बारा चुका निघाल्या. 'कीटकनाशक' हा एकच शब्द तू तीन तऱ्हांनी लिहिला आहेस, आणि म्हणे शेतीचा पदवीधर.

पहिलं प्रकरण मात्र झकास उतरलंय. रोपवाटिकेची पत्र्याची शेड, तुम्ही सात मुलं, उसना आणलेला फवारणी पंप आणि त्याची नळी फुटून नखशिखांत भिजलेले उपप्राचार्य. मी एकटीच खो खो हसत होते. प्रत्येक सभासदाचा स्वतःचा वाफा असलाच पाहिजे, हा नियमही तू नीट सांगितलास.

मग पान सत्तावीस आलं. "तिसऱ्या वर्षी पाच विद्यार्थिनींनी सभासदत्वासाठी अर्ज केला होता, परंतु घरच्या जबाबदाऱ्यांमुळे त्यांनी तो स्वखुशीने मागे घेतला."

स्वखुशीने. हा शब्द तू अगदी शुद्ध लिहिला आहेस.

दादा, तो अर्ज माझ्या अक्षरात होता. कुणी मागे घेतला? आम्ही पाचही जणी शेडबाहेर उभ्या होतो आणि आत एकोणचाळीस मुलं मत देत होती. चिठ्ठ्या नकोत, अक्षर ओळखू येतं, असं मंडळ सांभाळणारे मास्तर म्हणाले. म्हणून प्रत्येकाने आपापल्या वाफ्यातले दोन दाणे आणायचे, एक फिका, एक गडद. हो म्हणायचं तर मडक्यात फिका टाकायचा, नाही म्हणायचं तर गडद. शेतीच्या मुलांपासून लपवायला दाणा निवडला! मास्तर हुशार होते, पण त्या दिवशी त्यांची अक्कल चरायला गेली होती.

एकोणीस फिके, वीस गडद. एका मताने आम्ही बाहेर राहिलो. उगाच शंका नको म्हणून मास्तरांनी सगळे दाणे माझ्या ओंजळीत ओतले आणि म्हणाले, "बाळ, तूच मोज." मी तीनदा मोजले.

आता जे लिहिते आहे, ते कधीच लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

त्या वीस गडद दाण्यांत एक काळी चवळी होती, पोटावर पांढरा डाग असलेली. ती चवळी जगात एकाच वाफ्यात होती, तुझ्या. तो संकर आपण दोघांनी केला होता. तुझी बोटं जाडी, म्हणून पहाटे चिमट्याने कळ्या मी उघडायचे आणि तू वही धरायचास. बियाणं कुलपाच्या डबीत असायचं आणि किल्ली तुझ्या गळ्यात. कुणी चोरलं असेल, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. नाही जमलं. नंतर एकतीस वर्षं मी बीजपरीक्षण प्रयोगशाळेत दाणे ओळखण्याचाच पगार घेतला. त्यात माझी चूक होत नाही रे.

त्या दुपारी तू बाहेर आलास, माझ्या पाठीवर हात ठेवलास आणि म्हणालास, "मी खूप समजावलं गं, पोरं ऐकतच नाहीत." तुझा चेहरा इतका उतरला होता की मीच तुला चहा आणून दिला. मीच म्हटलं, "जाऊ दे दादा, मनाला लावून घेऊ नकोस." मुठीत ते दाणे तसेच होते.

पुढच्या महिन्यात तू बिनविरोध अध्यक्ष झालास. बीजोत्पादन केंद्रावर शिकाऊ उमेदवारी फक्त मंडळाच्या सभासदांना मिळायची. ती तुला मिळाली. मला नवी वाणं तयार करायची होती, हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मी इतरांच्या वाणांची उगवण तपासत राहिले. आईला, बाबांना, ह्यांनासुद्धा मी कधी काही सांगितलं नाही. तू तेव्हा एकवीस वर्षांचा होतास, पोरांत हसं होईल म्हणून घाबरला असशील. एवढ्यावर मी तुला माफ करून टाकलं होतं, खरंच.

पण आज तू अडुसष्ट वर्षांचा आहेस. आता तुला कोणाची भीती आहे? तेव्हा तू माझ्याविरुद्ध एक दाणा टाकलास. आता माझ्याच तोंडी नकार घालतो आहेस आणि वर तो मलाच तपासायला पाठवतो आहेस. समारंभात पहिल्या रांगेत बस, 'मंडळाची हितचिंतक' म्हणून शाल देऊ, असंही लिहिलंस. मला राग आलाय, दादा. आणि रडूही आलं, तेही सांगून टाकते.

सोबत सगळी पानं परत पाठवते आहे. एकशे बारा चुका लाल शाईने दुरुस्त केल्या आहेत. सत्तावीसवरचं वाक्य खोडून समासात लिहिलं आहे, "अर्ज एका मताने फेटाळला गेला." ते मत कोणाचं, हे मी लिहिलेलं नाही. लिहायचं की नाही, ते तू ठरव. मात्र पुस्तक माझ्या दुरुस्तीशिवाय छापलंस तर शाल दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर घाल, आणि मी का आले नाही असं वहिनींनी विचारलं तर त्यांना निदान खरं सांग.

तब्येतीला जप. रक्तदाबाची गोळी चुकवू नकोस.

अर्ज कधीही मागे न घेतलेली,
तुझी धाकटी बहीण