अडकलेली तोटी

दि. ११ मार्च, मंगळवार, दुपार

प्रिय ताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार. छोटीचा पडलेला दात आला का? माझी तब्येत बरी आहे. जेवण वेळेवर होत नाही, पण ते तू धरूनच चालतेस.

लॅबमधून लिहिते आहे, म्हणून अक्षर असं कोंबडीच्या पायांचं. मधेमधे उठून सॉल्व्हंट ओतावं लागतं. समोर कॉलम उभा आहे, म्हणजे काचेची लांब नळी, तळाशी कापसाचा बोळा आणि त्यावर पांढरी सिलिका पावडर. वरून पानांचा अर्क घातला की खाली उतरता उतरता त्यातले रंग सुटे होतात. मला हवाय तो पिवळा. तो मेला हिरव्याच्या मागून रेंगाळत येतोय.

वरचं सॉल्व्हंट संपून सिलिका कोरडी पडली की तिला तडे जातात आणि सगळी मेहनत मातीत. एरवी खालची तोटी बंद करून खुशाल चहाला जाता येतं. आज ती अर्धवट उघडी असतानाच अडकून बसली. गरम फडका लावला, शिव्या दिल्या, हलायचं नाव नाही. जोर लावला तर काचच फुटेल. म्हणून मला जागचं हलता आलं नाही आणि दुपारची गाडी चुकली.

उद्याच्या मुलाखतीसाठी तू किती जणांचे उंबरठे झिजवलेस, मला ठाऊक आहे. मला राहायला खोलीही रिकामी केलीस. हे पत्र पोचेल तोवर भावोजी स्टँडवर ताटकळून केव्हाच घरी गेलेले असतील. फोन बंद ठेवलाय. तुझा आवाज ऐकला की मी थाप मारीन.

थाप तर वर मारलीच आहे.

शेजारच्या टेबलावर एक मुलगी असते. सगळ्यांना डबा खाल्ला का विचारते, म्हणून तिला आम्ही काकू म्हणतो. गाडीच्या बऱ्याच आधी ती येऊन म्हणाली, "तू नीघ. मी बसते ओतत." हा कॉलम नाजूक आहे, तुला जमायचा नाही, असं मी तिला तोंडावर सांगितलं. बिचारी परत गेली. तिला जमलं असतं, ताई. बाटली उचलून ओतायचं तर असतं.

मला भीती वाटली. मुलाखतीत विचारतील, इतकी वर्षं काय केलंत? सर दर वेळी म्हणतात, एवढा पदार्थ शुद्ध मिळाला की प्रबंधावर सही करतो. तो मिळाला की दुसरा काढतात. मला कळतं सगळं. पण इथे निदान म्हणतात, कॉलम भरावा तर हिनेच. बाहेर मला कोण विचारतंय?

संध्याकाळ

पिवळा उतरला, अगदी स्वच्छ. सरांनी उजेडात धरून पाहिला, छान म्हणाले, आणि उद्या सालीचा अर्क घालू म्हणाले. शेवटच्या गाडीला अजून वेळ होता. भरलेली बॅग टेबलाखालीच होती.

मी म्हटलं, "हो सर, घालू."

काकूने ते ऐकलं. जाताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. मी आता नवी सिलिका भिजवायला घेतली आहे.

ताई, तुझी बहीण का आली नाही असं मुलाखतीच्या लोकांनी विचारलं, तर तोटी अडकली होती म्हणून सांगू नकोस. तिला येता येत होतं, एवढंच सांग.

तुझी, इथेच राहिलेली,
धाकटी