आप्पाजींच्या आईची चूल

२ मे
साडेसातची एसटी मिळाली आणि दहाच्या आत पिंपळदऱ्याला उतरले. आयुष, माझा मुलगा, स्टँडपर्यंत सोडायला आला होता. सून मिनल हिने डबा बांधून दिला, हे नवलच. चौतीस वर्षं अंगणवाडीत रोजची नोंद केली. निवृत्त झाले तरी हात राहत नाही, म्हणून ही वही.

घर मला आवडलं. देशनेते आप्पाजी इथे जन्मले. मातीच्या तीन खोल्या, वर कवेलूंचं छप्पर, मागे विहीर. मधल्या खोलीत एक बाज, तिच्यावर पाटी: ‘याच खोलीत आप्पाजींचा जन्म झाला.’ स्वयंपाकघरात चूल, तवा, परात, जातं होतं तसं ठेवलंय. या स्मारकाची देखभाल आता माझ्याकडे; राहायला अंगणापलीकडची खोली. सकाळी सारवायचं, माठ भरायचा, दहा ते पाच दार उघडं ठेवायचं. बस.

स्मारक समितीचे शालिकरामभाऊ किल्ल्या देऊन गेले. आधीच्या बाईने नोकरी का सोडली विचारलं, तर म्हणाले, थकून गेली. मला हसू आलं. शहरात, आयुषच्या नंदनवनच्या घरी मी चार माणसांचं सगळं करत होते. इथे हाक मारायलाही कोणी नाही. दुपारी चक्क दोन तास झोपले.

६ मे
ऊन पंचेचाळीसच्या वर. दिवसभरात पाहुणे सात. संत्र्याच्या बागांतले पंप बंद पडले की गावात काही म्हणता काही ऐकू येत नाही.

मनगट धरलंय. आज अर्धीच ओसरी सारवून चहाला गेले. परत आले तर उरलेली सारवून झालेली. समोरच्या सिंधूताईंनी केलं असेल म्हणून आभार मानायला गेले. त्या चौऱ्याऐंशीच्या. म्हणाल्या, “मी काहून येईन वं? बाजेवरून उठाले मले दोन माणसं लागतात.”

१० मे
आता रोजच होतं. पहाटे दार उघडावं तर तिन्ही खोल्या ओल्या, माठ काठोकाठ. सारवणात बोटांचे फराटे दिसतात, माझ्यापेक्षा लहान हाताचे. चारच रेघा. करंगळीची नाही.

भ्यायला हवं होतं. खरं सांगायचं तर बरं वाटलं. आयुष्यात माझ्या वाटचं काम आधीच कोणी करून ठेवलंय, असं कधी झालं नव्हतं. उन्हं वर येईपर्यंत झोपून राहिले.

१३ मे
सिंधूताईंना फराट्यांचं सांगितलं. त्यांनी माझा हात ओढून करंगळी चाचपली. मग म्हणाल्या, ती गोपिका. आप्पाजींची माय. तिची करंगळी विळ्याने तुटली होती.

मी रोज पाहुण्यांना आप्पाजींच्या तुरुंगवासाच्या तारखा सांगते, पण तिचं नाव मला ठाऊक नव्हतं. पाटीवर नुसतं ‘मातोश्री’ आहे.

सिंधूताईंनी सांगितलं ते असं. आप्पाजी झाले त्या दिवशी गोपिका दुपारपर्यंत दळत होती आणि दिवेलागणीला पुन्हा चुलीपुढे बसली. पुढे आप्पाजी दिल्लीला गेले, फार मोठे झाले. एकदा गावी आले, सोबत तीस माणसं. ते अंगणात भाषण करत होते, ही आत भाकरी थापत होती. सत्तरीची बाई. भाकरी येईना म्हणून कोणीतरी आत डोकावलं. “मीच डोकावली होती,” सिंधूताई म्हणाल्या, “दहा-अकरा वर्षांची होती मी. हात पिठात अन् डोळे उघडे. तव्यावरची भाकर जळून राहिली होती. मेली, पण बसूनच होती वं. कोणी उठ म्हटलंच नाही तिले.”

१६ मे
आता काम पुरं होत नाही. अर्धं होतं. सारवण मध्येच सोडलेलं, शेणाची पाटी दारात, माझ्या बाजूला सरकवलेली. जात्यात मूठभर जोंधळे. जणू कोणी म्हणतंय, धर, आता तू कर.

आणि मी करते. न करता बसवत नाही. दंड भरून आलेत.

१८ मे
कळमेश्वरहून एक नवरा-बायको आले होते. भर दुपारी. जाताना बाई म्हणाली, तुमच्या आई फार प्रेमळ आहेत. कोण आई, विचारलं. म्हणाली, आत चुलीपाशी बसल्या आहेत त्या. बसा, भाकरी होतेच आहे म्हणाल्या.

आत गेले. कोणी नाही. चूल मात्र ऊन होती. सत्तर वर्षांत कोणी पेटवली नसेल ती.

२० मे
शालिकरामभाऊंना सांगितलं, मी निघते. ते म्हणाले, महिना तरी भरा. आधीच्या बाईचा नंबर मागितला. कुरकुरत दिला.

तिचं नाव कामिनी. भावाकडे असते. मी पिंपळदऱ्याहून बोलते म्हटल्यावर आधी रडली. मग एकच सांगितलं: “ताई, चुलीपुढं बसू नका. काही झालं तरी बसू नका. तिले उठाचं आहे. कोणीतरी बसल्याबिगर तिले उठता येत नाही.”

२२ मे
एकटीने एसटीने जायचं त्राण उरलं नाही, म्हणून आयुषला फोन केला. त्याला सुट्टी शनिवारीच. शनिवारी गाडी घेऊन येतो म्हणाला. काय झालं, विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. दोन दिवस.

२३ मे
सारवलं नाही. माठ भरला नाही. स्वयंपाकघराला कडी घातली.

आतून जात्याचा आवाज. सकाळपासून. सावकाश, फार सावकाश — दमलेल्या माणसाचा. भीती वाटते त्यापेक्षा कीव जास्त येते, आणि तीच वाईट आहे.

२४ मे, सकाळ
पिशवी भरून ओसरीत बसले आहे. आयुष निघाला. पाय जड. डोळे मिटतात.

अकरा
धूर येतोय. कवेलूंखालून. आत चूल पेटली आहे — ज्वाळा छताला टेकतील. घर जळेल. बघून येते. उभ्यानेच बघेन.

जळती लाकडं ओढायला गेले, हाताला येईनात. वाकून येईनात. टेकले. एवढ्यापुरतंच टेकले.

माझ्या मागे कोणीतरी लांब श्वास सोडला. बांगड्या वाजल्या. कोणीतरी उठलं.

—

उठता येत नाही. पाय माझे वाटत नाहीत. वही कमरेला होती, पेन होतं. परातीत पीठ आहे. मळलेलं. मी नाही मळलं — की मीच —

ती दारातून गेली. पाठमोरी. अंगावर माझी हिरवी साडी. चाल माझीच, फक्त हलकी.

—

हॉर्न. आयुष आला.

त्याचा आवाज: आई, चाल ना, ऊन होऊन राहिलं. तिने डोक्यावरून पदर ओढला. त्याने पिशवी उचलली. तोंडाकडे पाहिलं नाही. मोबाइल बघत होता. गाडीचं दार —

आयुष मी इथे

आवाज फुटत नाही. भाकरी तव्यावर आहे. करपते आहे. ही उलटते मी आणि जोरात हाक मारते. गाडी अजून वळायची आहे, वेळ आहे. एवढी एक उलटते आणि लगेच —